व्हिडिओ हव्या त्या जागी कापला जात नाही तेव्हा काय तपासायचं

गाण्याच्या बैठकीचं दोन तासांचं रेकॉर्डिंग आहे. निवेदन संपतं, तानपुरे झंकारत असतात आणि १२ मिनिटं ३४.६ सेकंदांवर गायिका पहिला षड्ज लावते. तुकडा तिथून सुरू व्हायला हवा. कटरमध्ये, म्हणजे व्हिडिओ कापण्याच्या प्रोग्राममध्ये, नेमकी तीच वेळ देता, क्षणात फाइल तयार होते, आणि उघडून बघता तर निवेदनाचं शेवटचं अर्धं वाक्य त्यात आलेलं. वेळ दोन सेकंद पुढे घेऊन पुन्हा कापता. सुरुवात जागची हलत नाही. आणखी दोन सेकंद पुढे घेता, आणि आता षड्जच गायब. गाणं मधूनच सुरू झालेलं.

आकडा बदलूनही सुरुवात हलत नाही आणि मग एकदम कित्येक सेकंदांची उडी बसते, ही या दुखण्याची खूण. ती दिसली की आकड्यांशी झटापट थांबवा. वेळ बरोबर आहे, प्रोग्रामही ठीक आहे. अडचण फाइल ज्या पद्धतीने दाबून साठवलेली आहे तिच्यात आहे, आणि ती पद्धत कळली की उपाय सरळ आहे.

असं का होतं

व्हिडिओ दाबून साठवण्याच्या नेहमीच्या पद्धती म्हणजे एच.२६४, एच.२६५ किंवा जुनं एमपेग-२. यांपैकी कशातही प्रत्येक फ्रेम (व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र) पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक फ्रेम पूर्ण असते, तिला कीफ्रेम म्हणतात. तिच्यानंतरच्या फ्रेममध्ये फक्त बदल नोंदवलेले असतात: गायिकेचा हात इतका वर गेला, मागचा पडदा होता तसाच. दुकानाच्या रोजकीर्दीसारखं आहे हे. एका पानावर आरंभीची शिल्लक लिहिलेली, पुढे नुसत्या जमा-नावेच्या नोंदी. मधलंच पान फाडून घेतलंत तर नोंदी सगळ्या हातात येतात, पण हिशेब लागत नाही.

म्हणून कापलेला तुकडा स्वतंत्रपणे चालायचा असेल तर तो कीफ्रेमवरच सुरू व्हावा लागतो. ‘लॉसलेस’, ‘क्विक’, ‘नो री-एन्कोड’ अशा नावांनी जे कटर मिळतात ते डेटाला हात न लावता तो जसाच्या तसा उचलतात. साहजिकच ते तुमच्या वेळेच्या आधीच्या किंवा नंतरच्या कीफ्रेमवर जाऊन थांबतात.

दोन कीफ्रेममधलं अंतर किती असेल हे रेकॉर्ड करणाऱ्याने ठरवलेलं असतं. एक्स२६४ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एन्कोडरची (व्हिडिओ दाबून साठवणाऱ्या प्रोग्रामची) मूळ मर्यादा २५० फ्रेम आहे. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत म्हणजे ८.३३ सेकंद, २५ च्या व्हिडिओत पूर्ण १० सेकंद. दृश्य एकदम बदललं तर एन्कोडर आपणहून मध्येच कीफ्रेम टाकतो, त्यामुळे चार कॅमेऱ्यांवरून जोडलेल्या लग्नाच्या फिल्ममध्ये कीफ्रेम भरपूर सापडतात आणि त्रास कमी जाणवतो. पण बैठक, कीर्तन, व्याख्यान, नाटकाचा प्रयोग हे बहुतेक एकाच कॅमेऱ्याने, तिपाईवर लावून टिपलेले. दृश्य तासभर बदलतच नाही, त्यामुळे कीफ्रेम शेवटच्या मर्यादेपर्यंत लांबत जातात. म्हणजे नेमकं कापायची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच कापायचे सांधे, म्हणजे कीफ्रेम, सर्वांत विरळ.

‘डीव्हीडी कापताना असं कधी होत नव्हतं’ हे ऐकायला मिळतं, आणि ते खरं आहे. आपल्याकडच्या २५ फ्रेमच्या डीव्हीडीत दोन कीफ्रेममध्ये जास्तीत जास्त १५ फ्रेम चालत, म्हणजे ०.६ सेकंद. चूक व्हायची, पण ती फार तर अर्ध्या सेकंदाच्या आसपास असायची.

आधी फाइलीतले सांधे बघा

अंदाज बांधण्यापेक्षा कीफ्रेम कुठे आहेत ते उघड बघणं केव्हाही चांगलं. एव्हिडेमक्स या मोफत प्रोग्राममध्ये फाइल उघडली की खाली प्रत्येक फ्रेमचा प्रकार दिसतो: आय (पूर्ण चित्र), पी की बी (नुसते बदल). बाण-कळांपैकी वर-खाली दाबलं की थेट पुढच्या-मागच्या कीफ्रेमवर जाता येतं, डावी-उजवी दाबली की एकेक फ्रेम. पाच मिनिटं असं फिरलात तर वरचं सगळं स्पष्टीकरण डोळ्यांना दिसेल.

कमांड लाइनची सवय असेल तर एफएफएमपेग या मोफत व्हिडिओ प्रोग्रामसोबत येणारा एफएफप्रोब वापरा. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितो आहे, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरं आणि आकडे टाइप करायचे.) ‘-सिलेक्ट_स्ट्रीम्स व्ही:०’ म्हणजे फक्त चित्र, ‘-स्किप_फ्रेम नोकी’ म्हणजे कीफ्रेम सोडून बाकी गाळा, ‘-शो_एन्ट्रीज फ्रेम=पीटीएस_टाइम’ म्हणजे प्रत्येकीची वेळ दाखवा, आणि शेवटी ‘-ओएफ सीएसव्ही’ व फाइलीचं नाव. बैठकीच्या फाइलीवर हे चालवलं तर यादी अशी येते:

७४१.६६७
७५०.०००
७५८.३३३
७६६.६६७

आपल्याला हवे होते १२ मिनिटं ३४.६ सेकंद, म्हणजे ७५४.६ सेकंद. आधीची कीफ्रेम ७५०.००० वर, म्हणजे ४.६ सेकंद मागे. नंतरची ७५८.३३३ वर, म्हणजे पावणेचार सेकंद पुढे. मधली एकही फ्रेम स्वतःच्या पायावर उभी नाही; आपली फ्रेम तर ७५० च्या कीफ्रेमपासून १३८ वी. सुरुवात का हलत नव्हती आणि मग उडी का बसली, हे या चार ओळींत सरळ दिसतं.

सेट-टॉप बॉक्सवरून घेतलेल्या ट्रान्सपोर्ट स्ट्रीममध्ये (टीव्ही प्रक्षेपणाच्या फाइलीत) एक जास्तीची काळजी घ्या. त्या फाइलीतलं घड्याळ शून्यापासून सुरू होत नाही. एफएफप्रोबची यादी फाइलीतली मूळ वेळ दाखवते, तर एफएफएमपेगला कुठून कापायचं ते सांगणारी ‘-एसएस’ फाइलीच्या सुरुवातीपासून मोजते. ‘स्टार्ट_टाइम’ किती आहे ते बघून यादीतून वजा करा, नाहीतर दोन्ही आकडे बरोबर असूनही ताळमेळ बसणार नाही.

आणि जी वेळ तुम्ही प्लेअरमध्ये बघून टिपली, ती तरी नेमकी आहे का? बरेच प्लेअर पट्टीवर क्लिक केलं की स्वतःच जवळच्या कीफ्रेमवर जातात. एमपीव्ही प्लेअरमध्ये पूर्णविरामाच्या कळेने एक फ्रेम पुढे आणि स्वल्पविरामाच्या कळेने एक फ्रेम मागे जाता येतं. कापायची जागा अशी, फ्रेम-फ्रेम पुढे जाऊन ठरवा.

लक्षणावरून कारण ओळखणं

सुरुवातीला नको असलेले सेकंद येतात, पण चित्र-आवाज दोन्ही स्वच्छ आहेत: एफएफएमपेगमध्ये तुम्ही ‘-एसएस’ हा पर्याय ‘-आय’च्या (मूळ फाइलीच्या नावाच्या) आधी ठेवून ‘-सी कॉपी’ (डेटा जसाच्या तसा उचलणं) केलं आहे, किंवा तुमचा कटर आतून तेच करतो आहे. तो आधीच्या कीफ्रेमवर गेला.

आवाज अगदी बरोबर जागी सुरू होतो, पण पडदा काही सेकंद काळा किंवा थिजलेला: ‘-एसएस’ हा ‘-आय’च्या नंतर ठेवून कॉपी केलं. आवाज मागितला तिथून मिळाला, चित्र मात्र पुढची कीफ्रेम येईपर्यंत वाट बघत बसलं. आमच्या उदाहरणात पावणेचार सेकंद. ‘-एसएस मागे ठेवा म्हणजे अचूक कापतं’ हा सल्ला अजून फिरत असतो, म्हणून मुद्दाम सांगतो: कॉपी करताना मागे ठेवल्याने अचूकता मिळत नाही, चूक फक्त आवाजाकडून चित्राकडे सरकते.

चित्रात राखाडी किंवा हिरवट फराटे, चेहरा वितळल्यासारखा, आणि काही सेकंदांनी सगळं आपोआप ठीक: कीफ्रेमविना तुकडा सुरू झाला आहे. एच.२६५ मध्ये याचा सौम्य प्रकार कीफ्रेमवर कापूनही दिसू शकतो. तिथे कीफ्रेमच्या लगेच मागून येणाऱ्या काही फ्रेम आधीच्या गटातल्या (आधीची कीफ्रेम आणि तिच्यामागच्या फ्रेम) चित्रांवर अवलंबून असू शकतात, त्याला ओपन गॉप म्हणतात. एक्स२६५ एन्कोडर हे मुळातच चालू ठेवतो. आधीचा गट कापला गेला की त्या फ्रेम अनाथ होतात, आणि प्लेअर त्या गाळतो किंवा खराब दाखवतो.

एका प्लेअरमध्ये तुकडा बरोबर, दुसऱ्यात सुरुवातीला जास्तीचे सेकंद: एमपी४ फाइलीत एडिट लिस्ट नावाची सूचना असते. कटरने आधीच्या कीफ्रेमपासूनचा सगळा डेटा ठेवला आणि ‘दाखवायला इथून सुरुवात कर’ एवढंच लिहून ठेवलं. सूचना पाळणारा प्लेअर बरोबर दाखवतो, न पाळणारा सगळंच दाखवतो. यावर जरा थांबून विचार करा. एखाद्याचा फोन नंबर पडद्यावर आला, कुणी खाजगी काही बोललं, आणि तेवढं कापून फाइल पुढे पाठवायची आहे, अशा वेळी कापलेला भाग फाइलीत तसाच शिल्लक असू शकतो. लपवण्यासाठी कापत असाल तर कॉपी पद्धत वापरूच नका. नव्याने एन्कोड करा.

सुरुवात ठीक, पण तुकडा हवा त्यापेक्षा कितीतरी लांब: ‘-एसएस’ हा ‘-आय’च्या आधी आणि शेवटाची वेळ सांगणारा ‘-टीओ’ नंतर ठेवला आहे. पुढे ठेवलेल्या ‘-एसएस’नंतर घड्याळ पुन्हा शून्यापासून मोजलं जातं, त्यामुळे ‘-टीओ २०:००’ म्हणजे मूळ फाइलीतलं विसावं मिनिट राहत नाही, पुढची वीस मिनिटं होतात. दोन्ही ‘-आय’च्या आधी लिहा (एफएफएमपेग ४.० पासून चालतं), किंवा ‘-टी’ने सरळ लांबी द्या.

शेवटाची बाजू सहसा इतकी छळत नाही. तुकडा संपायला कीफ्रेम लागत नाही. कॉपी करताना शेवटी एखाद-दुसरी फ्रेम कमी-जास्त होते, कारण बी फ्रेममुळे साठवण्याचा क्रम आणि दाखवण्याचा क्रम वेगळा असतो. जीव खाते ती सुरुवातच.

मग करायचं काय

माझं स्पष्ट मत असं: तुकडा काही मिनिटांचा असेल आणि सुरुवात नेमकी हवी असेल, तर तो नव्याने एन्कोड करा आणि मोकळे व्हा. ‘गुणवत्ता जाईल’ या धास्तीने लोक लॉसलेस कटर बदलत बसतात, आणि प्रत्येक कटर त्याच कीफ्रेमवर नेऊन आपटतो. मूळ फाइल तुमच्याकडे शाबूत आहेच. तुकडा एकदाच एन्कोड होणार असेल आणि सेटिंग नीट असेल, तर फरक शोधावा लागेल.

आज्ञा अशी: ‘एफएफएमपेग -एसएस ७५४.६ -आय बैठक.एमपी४ -टी ४२० -सी:व्ही लिबएक्स२६४ -सीआरएफ १८ -प्रीसेट स्लो -सी:ए एएसी -बी:ए २५६के राग.एमपी४’. इथे ‘-एसएस’ पुढे असूनही सुरुवात अचूक मिळते. २०१३ मध्ये आलेल्या २.१ आवृत्तीपासून एफएफएमपेग एन्कोड करताना आधीच्या कीफ्रेमवर जातो, तिथून फ्रेम उलगडत आणतो आणि हव्या त्या वेळेआधीच्या सगळ्या टाकून देतो. आमच्या बाबतीत १३८ फ्रेम उलगडून फेकल्या जातात आणि पहिली लिहिली जाते ती षड्जाची. पुढे ठेवल्याचा आणखी फायदा म्हणजे आधीची साडेबारा मिनिटं तो वाचत बसत नाही.

सीआरएफचा आकडा जितका लहान तितकी गुणवत्ता जास्त. न सांगता २३ धरला जातो. १८ ला डोळ्यांना फरक सहसा कळत नाही. फाइल मूळपेक्षा मोठी झाली तर घाबरू नका, आधीच बऱ्यापैकी दाबलेल्या रेकॉर्डिंगवर तसं होतं. २० करून बघा.

चित्र नव्याने एन्कोड करताना आवाज तरी मूळचा राहू दे, म्हणून ‘-सी:ए कॉपी’ लिहावंसं वाटतं, संगीताच्या फाइलीत तर हमखास. इथे ते टाळा. कॉपी केलेल्या प्रवाहात कीफ्रेमपासूनचा जास्तीचा भाग तसाच ठेवला जातो, त्यामुळे आवाज आणि चित्र वेगवेगळ्या जागी सुरू होऊन एडिट लिस्टच्या भरवशावर राहतात. २५६ किलोबिटचा एएसी (आवाज दाबून साठवण्याचा प्रकार) बैठकीच्या रेकॉर्डिंगला पुरेसा आहे. शिवाय एन्कोड होतच आहे तर ‘एफेड’ फिल्टरने सुरुवातीला सेकंदाच्या विसाव्या भागाइतका फेड द्या. तानपुऱ्याचा नाद मधूनच तोडला की जो ‘टक्’ आवाज येतो तो त्याने जातो. षड्ज नेमका पकडण्यापेक्षा अर्धा-एक सेकंद आधीचा तानपुरा घ्या, कानाला ते फार बरं वाटतं.

दुसरा मार्ग सांध्याशी जुळवून घेण्याचा. दोन तासांच्या फाइलीचे फक्त मध्यंतराआधी आणि नंतर असे दोन भाग करायचे असतील, तर चार-पाच सेकंदांनी काही बिघडत नाही. यादीतली सोयीची कीफ्रेम निवडा आणि कॉपी करा. काही सेकंदांत काम होतं, गुणवत्ता तसूभरही हलत नाही. कीफ्रेमची वेळ देताना ती अगदी तीच न देता किंचित पुढची द्या, ७५०.००० ऐवजी ७५०.०२ वगैरे. आकडा गोल करताना केसभर मागे पडला तर प्रोग्राम त्याच्याही आधीच्या कीफ्रेमवर जातो आणि आठ सेकंदांचा भुर्दंड बसतो. एमकेव्हीटूलनिक्स हा प्रोग्राम वापरत असाल तर लक्षात ठेवा, तो उलट वागतो: दिलेल्या वेळी किंवा तिच्यानंतर येणाऱ्या कीफ्रेमवर तोडतो.

तिसरा मार्ग स्मार्ट कटचा. ७५४.६ पासून ७५८.३३३ पर्यंतचे पावणेचार सेकंद तेवढे नव्याने एन्कोड करायचे, पुढचं सगळं जसंच्या तसं कॉपी करायचं आणि दोन्ही जोडायचे. कल्पना सुंदर आहे, आणि तासाभराचा तुकडा मूळ गुणवत्तेत हवा असेल तेव्हा तिला पर्याय नाही. लॉसलेसकट या कटरमध्ये ही सोय आहे, पण प्रायोगिक म्हणूनच दिलेली आहे, आणि तो इशारा गंभीरपणे घ्यावा. एच.२६४ च्या प्रत्येक प्रवाहाची स्वतःची मांडणी-माहिती असते आणि एमपी४ मध्ये ती बहुधा फाइलीच्या मथळ्यात एकदाच लिहिलेली असते. फोनमधल्या चिपने केलेलं एन्कोडिंग आणि तुमच्या संगणकाने केलेले चार सेकंद यांची ही माहिती जुळली नाही, तर सांध्यानंतरचं चित्र फुटतं. कधी ते संगणकावर नीट चालतं आणि टीव्हीच्या यूएसबीवर फुटतं. म्हणून स्मार्ट कट केल्यावर सांध्याच्या आधी-नंतरची दहा सेकंदं निदान दोन वेगळ्या साधनांवर बघितल्याशिवाय फाइल कुणाला देऊ नका.

वेळ बरोबर, तरी आवाज घसरत जातो

सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात, दहाव्या मिनिटाला जुळत नाहीत. याचा कीफ्रेमशी संबंध नाही. बरेच फोन ठरावीक वेगाने चित्रण करत नाहीत. उजेड कमी झाला की ३० वरून २४ च्या आसपास येतात, पुन्हा वर जातात. एडिटरने ही फाइल सरळ ३० ची समजून घेतली की फरक साचत जातो. कापण्याआधीच ‘-एफपीएस_मोड सीएफआर -आर ३०’ देऊन संपूर्ण फाइल एका वेगाची करून घ्या आणि त्या प्रतीवर काम करा. (जुन्या आवृत्त्यांत हाच पर्याय ‘-व्हीसिंक’ नावाने होता.)

उलट, सांध्यावर आवाजात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतका फरक दिसला तर त्याच्यामागे लागू नका. एएसीचा आवाज १०२४ नमुन्यांच्या गठ्ठ्यांत साठवलेला असतो, ४८,००० हर्ट्झला एक गठ्ठा सुमारे २१ मिलिसेकंदांचा. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेमच ४० मिलिसेकंदांची असते. कॉपी करताना आवाज यापेक्षा बारीक कापताच येत नाही.

रेकॉर्डिंग तुमच्याच हातात असेल तर

पुढे कापाकापी होणार हे माहीत असेल तर कीफ्रेम आधीच जवळजवळ पेरून ठेवता येतात. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये आउटपुटच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘कीफ्रेम इंटरव्हल’ असतं. तिथे शून्य म्हणजे ऑटो, आणि एक्स२६४ असेल तर तेच २५० फ्रेमचं अंतर. तिथे १ लिहा. फाइल थोडी मोठी होते, पण चूक कधीही एका सेकंदाच्या वर जात नाही. यूट्यूबवर थेट प्रक्षेपणही करत असाल तर २ ठेवा. यूट्यूब स्वतः दोन सेकंदांची शिफारस करतं आणि चारच्या वर जाऊ नका म्हणतं. एफएफएमपेगने आधीच एन्कोड करत असाल आणि प्रत्येक रागाची सुरुवात माहीत असेल, तर ‘-फोर्स_की_फ्रेम्स’पुढे त्या वेळा स्वल्पविरामाने लिहून द्या. बरोबर त्या जागी कीफ्रेम पडतात आणि नंतर हवे तेवढे तुकडे नुसत्या कॉपीने, फ्रेमवर फ्रेम जुळवून निघतात.

प्रोरेस आणि डीएनएक्सएचडी हे एडिटिंगसाठीचे प्रकार, जुन्या कॅमेऱ्यांच्या टेपवरचं डीव्ही, यांत प्रत्येक फ्रेम पूर्ण असते, त्यामुळे फाइल कुठेही कापली तरी चालते. तशी मूळ फाइल कुठे शिल्लक असेल, तर एमपी४ प्रतीवर वेळ न घालवता कापणं तिच्यावरच करा.